पाय वाचविणारी नळी

वैद्यकाच्या इतिहासांत ज्या शोधांचा गाजावाजा होतो, ते बहुधा शस्त्र मोठें व धारदार करणारे असतात. परंतु कांहीं शोधांचें मोठेपण शस्त्र लहान करण्यांत असतें. पायाच्या बुजलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याचा जो उपचार आज जगभर रूढ झाला आहे, तो ह्या दुसऱ्या जातीचा होय. जेथें पूर्वीं करवत चालत असे, तेथें आज सुईच्या छिद्रांतून आंत शिरणारी एक बारीक नळी चालते. आणि ज्या रुग्णाला एके काळीं कुबडीचा आधार घेऊन रुग्णालयाबाहेर पडावें लागत असे, तो पुष्कळदां दुसऱ्याच दिवशीं स्वतःच्या दोन पायांनीं घरीं जातो. हा पालट कसा घडला, तो घडविणाऱ्यांना किती उपहास सोसावा लागला, आणि त्या उपचाराचें खरें मोल किती, ह्याचा विचार करणें उद्बोधक ठरेल.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. हृदयांतून निघणारी महारोहिणी पोटांतून खालीं येते आणि बेंबीच्या सुमारास दुभंगते. तिच्या दोन शाखा दोन जांघांतून मांड्यांत उतरतात. प्रत्येक शाखा गुडघ्याच्या मागून खालीं जाते आणि तेथें तिच्या तीन बारीक शाखा होऊन त्या पावलापर्यंत रक्त पोंचवितात. ज्यांना बोलतांना आपण धमन्या म्हणतों, त्याच ह्या रोहिण्या. वय वाढत जातें तसा ह्या वाहिन्यांच्या आंतल्या अंगाला मेदाचा व चुन्याचा थर सांचूं लागतो. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांत हें काम फार झपाट्यानें चालतें. जुन्या पन्हळींत गाळ सांचावा आणि पाण्याची धार बारीक व्हावी, तसाच हा प्रकार होय.

ह्या धारेचें गणित मोठें कठोर आहे. नळींतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत बदलतो. वाहिनीचें तोंड निम्में झालें, तर त्या अरुंद भागांतून त्याच दाबाखालीं जाणारें रक्त निम्में होत नाहीं, तें सोळाव्या हिश्श्यावर येतें. उलट, अरुंद झालेली वाट थोडीशी जरी रुंद करतां आली, तरी लाभ अनेकपट होतो. पुढें सांगावयाच्या साऱ्या इतिहासाचें मर्म ह्या एका नियमांत आहे.

रोगाचें पहिलें लक्षण म्हणजे चालतांना पोटरींत येणारा कळा. मनुष्य शंभर-दोनशें पावलें चालतो, पोटरी आंवळून येते, तो थांबतो. दोन मिनिटांत कळ जाते आणि पुन्हां चालूं लागतांच परत येते. १८३१ सालीं फ्रान्समधील बूले ह्या पशुवैद्यानें हा प्रकार प्रथम एका घोड्यांत पाहिला. धांवतांना तो घोडा लंगडे आणि विसाव्यानें बरा होई. तो मेल्यावर त्याच्या पायाकडे जाणाऱ्या वाहिन्या बुजलेल्या आढळल्या. १८५८ सालीं शार्को ह्या विख्यात फ्रेंच वैद्यानें माणसांतही तोच रोग दाखवून दिला. ह्या लंगडण्याकडे दुर्लक्ष झालें म्हणजे कांहींजणांत रोगाची पुढची पायरी येते. अंथरुणावर पडल्या पडल्या पाऊल ठणकतें, आणि पाय पलंगाखालीं लोंबता ठेवल्यावांचून झोंप येत नाहीं. मग बोटाला झालेली लहानशी जखम भरत नाहीं, बोट काळें पडतें, आणि सडण्याची क्रिया वर सरकूं लागते. मधुमेही मनुष्याच्या पायांची संवेदनाच कमी झालेली असल्यामुळें त्याला ही पहिली जखम पुष्कळदां कळतही नाहीं.

ह्या अवस्थेंत जीव वाचवावयाचा तर पाय कापावा, एवढाच उपाय शतकानुशतकें वैद्यांच्या हातीं होता. विसाव्या शतकांत तो प्रथम बदलूं लागला. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला खरा. परंतु त्या किरणांनीं हाडें दिसत, रक्तवाहिन्या दिसत नसत. त्या दिसाव्या म्हणून त्यांत क्ष-किरणांना अडविणारें द्रव्य सोडण्याची युक्ति पोर्तुगालमधील लिस्बन शहरीं पुढें आली. तेथें १९२७ सालीं एगास मोनिझ ह्यांनीं मेंदूच्या व १९२९ सालीं रेनाल्दो दोस सांतोस ह्यांनीं महारोहिणीच्या प्रतिमा मिळविल्या. ह्याच दुसऱ्या गृहस्थांचे चिरंजीव जुआंव सिद दोस सांतोस ह्यांनीं १९४६ सालीं बुजलेली रोहिणी उघडून आंतला थर खरवडून काढला. १९४८ सालीं पॅरिसमध्यें झां कुन्लिन ह्यांनीं रुग्णाच्याच पायांतील एक नीला काढून घेतली, आणि बुजलेल्या भागाच्या वर व खालीं ती जोडून रक्ताला नवा पाट काढून दिला. ह्या दोन्ही शस्त्रक्रिया वैद्यकाच्या मोठ्या विजयांत मोडतात. परंतु त्यांसाठीं भूल द्यावी लागे, मोठा छेद घ्यावा लागे. आणि हा रोग तर बहुधा वृद्धांचा, ज्यांचें हृदयही त्याच व्याधीनें दुबळें झालेलें असे, अशांचा. ज्यांना उपचाराची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच तो सोसण्याची शक्ति सर्वांत कमी, असा हा पेच होता.

पेच सुटण्याची वाट निराळ्याच दिशेनें तयार होत होती. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान नांवाच्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्या दंडांतील नीलेंतून एक नळी सारीत सारीत हृदयापर्यंत नेली, आणि त्याच स्थितींत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत जाऊन तिचें छायाचित्र काढविलें. शरीराच्या आंत वाहिन्यांच्या वाटेनें नळी नेतां येते आणि मनुष्य त्यानें मरत नाहीं, हें त्या धाडसानें सिद्ध झालें. त्याबद्दल फोर्समान ह्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळावयास १९५६ साल उजाडावें लागलें. दरम्यान १९५३ सालीं स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर ह्यांनीं एक साधी परंतु युगप्रवर्तक युक्ति प्रसिद्ध केली. वाहिनींत सुई टोंचावी, सुईच्या पोकळींतून एक लवचिक तार आंत सोडावी, सुई काढून घ्यावी, आणि त्या तारेवरून नळी ओंवून आंत सरकवावी, एवढीच ती युक्ति. मणी दोऱ्यांत ओंवावा तितकें हें सोपें. आतां वाहिनी उघडी पाडण्यासाठीं छेद घेण्याचें कारणच उरलें नाहीं. तरीही नळीचें काम अजून एकच होतें: आंत जावें, द्रव्य सोडावें, चित्र मिळवावें आणि परत यावें. नळी ही पाहण्याची वस्तु, उपचार हें शल्यवैद्याचें काम, अशी वांटणी सर्वांनीं मान्य केली होती.

ती वांटणी ज्यानें मोडली, तो पुरुष म्हणजे चार्ल्स डॉटर. १९२० सालीं बॉस्टन येथें त्यांचा जन्म झाला. १९५२ सालीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन संस्थानांत, पोर्टलंडच्या वैद्यकीय विद्यालयांत ते क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. पर्वतारोहणाचा त्यांना विलक्षण नाद होता, आणि हातानें वस्तु बनविण्याचा त्याहूनही मोठा. गिटारच्या तारा, मोटारीच्या वेगमापकांतील तारा, जें हातीं येईल त्यापासून ते आपली साधनें घडवीत. १९६३ सालीं शिकागो येथील एका वैद्यकीय प्रदर्शनांत बिल कुक नांवाचा एक नवखा कारखानदार तापदिव्याच्या ज्योतीवर टेफ्लॉनच्या नळ्या घडवून दाखवीत होता. डॉटर ह्यांनीं त्याचा दिवा व कांहीं नळ्या मागून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशीं स्वतः घडविलेल्या दहा नळ्या त्याच्यापुढें आणून ठेवल्या. ह्या भेटींतून पुढें दोघांचें दीर्घ सहकार्य जमलें.

शोधाची पहिली चाहूल मात्र एका अपघातानें लागली. १९६३ सालीं एका रुग्णाच्या पोटांतील वाहिन्यांचें चित्र काढण्यासाठीं डॉटर ह्यांनीं त्याच्या जांघेंतून नळी वर सारली. त्या बाजूची रोहिणी पूर्ण बुजलेली होती, तरी नळी त्या अडथळ्यांतून नकळत पार निघून गेली आणि वाट मोकळी झाली. दुसऱ्या एखाद्यानें ही गोष्ट नोंदवून ठेवून दिली असती. डॉटर ह्यांच्या मनांत तिनें घर केलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत चेकोस्लोव्हाकियांतील कार्लोव्ही व्हारी येथें भरलेल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेंत त्यांनीं बोलून दाखविलें कीं, नळी केवळ पाहण्यासाठीं नाहीं. कल्पक वैद्याच्या हातीं ती शल्यवैद्याच्या सुरीची जागाही घेऊं शकेल.

बोलून दाखविलेलें करून दाखविण्याची वेळ सातच महिन्यांनीं आली. १९६४ च्या जानेवारींत पोर्टलंडच्या रुग्णालयांत ८२ वर्षांची एक वृद्धा होती. तिचें डावें पाऊल ठणकत होतें, जखम भरत नव्हती, बोटें काळीं पडलीं होतीं. शल्यवैद्यांनीं पाय कापण्याचा सल्ला दिला. वृद्धेनें तो साफ नाकारला. शास्त्राच्या दृष्टीनें हा हट्ट होता. परंतु तो हट्ट नसता, तर पुढील इतिहास त्या दिवशीं तरी सुरू झाला नसता. दुसरा उपाय उरला नाहीं, तेव्हां एका शल्यवैद्यानें तिला डॉटर ह्यांच्याकडे धाडिलें. चित्र काढतां असें दिसलें कीं, मांडींतील रोहिणी एका लहानशा भागापुरतीच अत्यंत अरुंद झाली आहे. वरची वाट ठीक आहे, खालचीही ठीक आहे. मनाजोगा प्रसंग ह्याहून दुसरा कोणता?

१६ जानेवारी १९६४ ह्या दिवशीं डॉटर ह्यांनीं वृद्धेच्या जांघेपाशीं सुई टोंचली, एक तार त्या अरुंद जागेंतून अलगद पलीकडे नेली, तारेवरून एक निमुळती टेफ्लॉनची नळी सारली, आणि त्या नळीवरून दुसरी अधिक जाड नळी सारली. नळ्या बाहेर काढल्या तेव्हां अरुंद वाट रुंद झाली होती. कांहीं मिनिटांत गार पडलेलें पाऊल ऊबदार झालें. पुढें दुखणें थांबलें, जखम भरून आली, आणि कांहीं महिन्यांनीं काढलेल्या चित्रांतही वाट उघडीच दिसली. ही वृद्धा पुढें सुमारें अडीच-तीन वर्षें जगली आणि दुसऱ्याच आजारानें वारली. तोंवर ती आपल्या दोन्ही पायांवर चालत होती. त्याच सालच्या नोव्हेंबरांत डॉटर व त्यांचे तरुण सहकारी मेल्विन जडकिन्स ह्यांनीं हा नवा उपचार 'सर्क्युलेशन' ह्या मासिकांत प्रसिद्ध केला.

एवढ्या यशानंतर जयजयकार व्हावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडलें उलट. अमेरिकेंतील शल्यवैद्यांना ही आपल्या क्षेत्रांतील घुसखोरी वाटली. नळीनें सुटे झालेले तुकडे वाहून जाऊन खालची वाट बुजवितील, वाहिनीची भिंत फाटेल, असे आक्षेप आले. आणि ते सर्वस्वीं पोकळ नव्हते. जाड नळी आंत घालावयाची म्हणजे जांघेंतील छिद्रही तेवढेंच मोठें पडे, आणि तेथून रक्तस्राव होई. त्यांत डॉटर ह्यांचा स्वभावही आडदांड. नळ दुरुस्त करणारा कारागीर नळाचें जें करतो, तें वैद्यानें रक्तवाहिनीचें कां करूं नये, असें ते उघड विचारीत, आणि नळकाम करणाऱ्याचीं हत्यारें त्यांनीं आपलें बोधचिन्ह म्हणून मिरविलीं. लोक त्यांना 'वेडा चार्ली' म्हणूं लागले. एका शल्यवैद्यानें तर रुग्ण पाठवितांना चिठ्ठीवर बजावून लिहिलें कीं, चित्र तेवढें काढा, दुरुस्तीच्या फंदांत पडूं नका. ह्या एका वाक्यांत जुन्या वांटणीचा सारा अभिमान सांठविला आहे. परिणाम असा झाला कीं, जन्मभूमींतच हा उपचार दहा-बारा वर्षें जवळजवळ पोरका राहिला.

त्याला आसरा मिळाला युरोपांत. पश्चिम जर्मनींतील एंगेल्सकिर्शेन येथें एबरहार्ड त्साइटलर ह्यांनीं डॉटर ह्यांची पद्धति श्रद्धेनें उचलली, शेंकडो रुग्णांवर ती चालविली, आणि परिणामांची चोख नोंद ठेविली. जर्मन वैद्यांच्या तोंडीं 'डॉटर्न' हें क्रियापदच रूढ झालें. स्वदेशांत ज्याच्या नांवाची थट्टा होत होती, त्याच्या नांवाचें परदेशांत क्रियापद झालें, ह्याहून मोठा मान शास्त्रज्ञाला क्वचितच लाभतो.

परंतु पद्धतींतील मूळ दोष अजून तसाच होता. वाट जेवढी रुंद करावयाची, तेवढीच जाड नळी छिद्रांतून घालावी लागे. नळी आंत जातांना बारीक असावी आणि जागेवर पोंचल्यावर जाड व्हावी, हें कसें साधावें? फुगा हें त्याचें उघड उत्तर. रबराचा फुगा लावलेली नळी शल्यवैद्य थॉमस फोगार्टी ह्यांनीं १९६३ च्या सुमारास प्रचारांत आणलीही होती. परंतु ती रक्ताच्या गुठळ्या ओढून काढण्यासाठीं होती. रबराच्या फुग्याचा धर्म असा कीं, जेथें विरोध कमी तेथें तो फुगतो. कठीण थराच्या जागीं तो चिमटलेलाच राहतो आणि दोन्ही बाजूंस मात्र टरारतो. हवा होता असा फुगा, जो ठरलेल्या आकारापर्यंत फुगेल, त्यापुढें तसूभरही वाढणार नाहीं, आणि तरीही दगडासारख्या थराला रेटण्याइतका भक्कम असेल.

असा फुगा बनविला आंद्रेआस ग्रुंट्सिग ह्यांनीं. १९३९ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथें जन्मलेले हे डॉक्टर स्वित्झर्लंडमध्यें झुरिक शहरीं काम करीत. दिवसा रुग्णालय आणि रात्रीं घरच्या स्वयंपाकघरांतील टेबल, असा त्यांचा क्रम चाले. मारिया श्लुम्फ ही त्यांची साहाय्यिका व खुद्द त्यांची पत्नी ह्यांच्या मदतीनें ते तेथें नळ्या कापीत, जोडीत, तापवीत, फुगे बांधीत, फोडीत आणि पुन्हां बांधीत. रबराऐवजीं कोणतें द्रव्य वापरावें, हें त्यांना हाइन्रिख हॉफ ह्या निवृत्त रसायनाध्यापकांनीं सुचविलें. तें द्रव्य म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, ज्याचे पीव्हीसी नळ आज घरोघरीं दिसतात. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ ह्या दिवशीं ग्रुंट्सिग ह्यांनीं आपला फुगा एका रुग्णाच्या मांडींतील रोहिणींत प्रथम फुगविला. वाट रुंद झाली, आणि जांघेंतील छिद्र मात्र बारीकच राहिलें. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं त्यांनीं तसाच, परंतु अधिक लहान, फुगा हृदयाच्या स्वतःच्या रोहिणींत फुगविला, आणि साऱ्या जगाचे डोळे ह्या उपचाराकडे लागले. आज घरोघरीं जिचें नांव ऐकूं येतें ती हृदयाची अँजिओप्लास्टी ती हीच. ती पायाच्या उपचारांतून जन्मली, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. हृदयाच्या दाराने हा उपचार १९७७ नंतर अमेरिकेंत परतला, आणि 'वेडा चार्ली' एकाएकीं द्रष्टा ठरला.

फुगा आंत नेमकें काय करतो, ह्याविषयीं आरंभीं गैरसमज होता. बर्फांत पाऊल उमटावें तसा थर दाबला जात असेल, असें डॉटर ह्यांना वाटे. पुढें कळून आलें कीं, थर दबण्यापेक्षां तडकतोच अधिक, आणि वाहिनीची भिंत ताणली जाते. ताणलेली वस्तु पुन्हां आंखडते. शिवाय ह्या इजेला उत्तर म्हणून भिंतीच्या आंतल्या अंगाला नव्या पेशींची वाढ होऊन वाट पुन्हां अरुंद होते. म्हणून आंत कांहीं टेकू ठेवावा, अशी कल्पना निघाली. तीही प्रथम डॉटर ह्यांचीच. १९६९ सालीं त्यांनीं कुत्र्यांच्या पायांतील रोहिण्यांत तारेचीं वेटोळीं बसवून पाहिलीं होतीं. तिला व्यवहाराचें रूप दिलें मूळच्या आर्जेंटिनाच्या जुलियो पाल्माझ ह्यांनीं. १९७८ सालीं ग्रुंट्सिग ह्यांचें व्याख्यान ऐकून त्यांनीं ही कल्पना मनावर घेतली, आणि गिलाव्याखालीं गवंडी वापरतात तसल्या धातूच्या जाळीवरून त्यांना तिचा आकार सुचला. मिटलेली जाळी फुग्यावर बसवून आंत न्यावी, फुगा फुगवितांच ती उघडावी आणि भिंतीला टेकून तेथेंच राहावी. हिचेंच नांव स्टेंट. ओटीपोटांतील रोहिण्यांसाठीं पाल्माझ ह्यांच्या स्टेंटला अमेरिकी सरकारची मान्यता १९९१ सालीं मिळाली.

तो दिवस पाहावयास आद्य प्रवर्तक मात्र उरले नव्हते. १९८५ हें साल ह्या शास्त्राला फार घातक ठरलें. जानेवारींत जडकिन्स गेले, फेब्रुवारींत डॉटर गेले, आणि ऑक्टोबरांत ग्रुंट्सिग ह्यांचें स्वतः चालवीत असलेलें विमान अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांत कोसळून त्यांचा अंत झाला. तेव्हां ते अवघे ४६ वर्षांचे होते.

त्यानंतर साधनांचा जणूं पूर आला. थर तासून काढणारीं पातीं आलीं. चुन्यानें दगड झालेला थर ध्वनीच्या धक्क्यांनीं फोडणारे फुगे आले. पॅसिफिक किनाऱ्यावरील, म्हणजे डॉटर ह्यांच्याच मुलुखांतील, यू वृक्षाच्या सालींत प्रथम सांपडलेलें पॅक्लिटॅक्सेल नांवाचें औषध फुग्यांवर व स्टेंटवर लावण्यांत येऊं लागलें. त्यानें नव्या पेशींची वाढ मंदावते. गुडघ्याखालच्या रोहिण्यांसाठीं काम संपल्यावर विरघळून जाणारी जाळी निघाली, आणि २०२४ सालीं तिला अमेरिकेंत मान्यता मिळाली. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही फुगा व स्टेंट हे उपचार आज नित्याचे झाले आहेत.

परंतु साधन नवें म्हणून तें चांगलेंच, असें मानण्याचा मोह वैद्यकास परवडत नाहीं. लेझर किरणांनीं थर जाळून वाट मोकळी करण्याचा १९८० नंतरच्या दशकांत मोठा गाजावाजा झाला, आणि तो लवकरच ओसरला. २०१८ च्या अखेरीस पॅक्लिटॅक्सेलविषयीं भयंकर शंका निघाली. २८ प्रयोगांचे आंकडे एकत्र करून कांहीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, हें औषध लावलेल्या साधनांनीं उपचार झालेल्यांत कांहीं वर्षांनीं मृत्यु अधिक होतात. सावधगिरीचे इशारे निघाले, अनेक ठिकाणीं वापर थांबला. अधिक रुग्णांची अधिक काळ पाहणी झाल्यावर २०२३ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं जाहीर केलें कीं, तसा अधिक धोका दिसत नाहीं. शंका काढणारेही योग्य, आणि ती तपासून दूर करणारेही योग्य. शास्त्राची रीत हीच.

मुख्य प्रश्न तर जुनाच होता: नळी बरी कीं सुरी? त्याची एक तपासणी ब्रिटनमध्यें झाली. पाय गमावण्याच्या बेतास आलेल्या ४५२ रुग्णांपैकीं निम्म्यांवर आधीं शस्त्रक्रिया व निम्म्यांवर आधीं फुग्याचा उपचार करण्यांत आला. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पाय राखून जगण्याच्या बाबतींत पहिल्या कांहीं वर्षांत दोन्ही जवळजवळ समान ठरले. २०२२ सालीं एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्या १८३० रुग्णांत ज्यांच्या पायाची नीला जोडकामास उत्तम होती, त्यांच्यांत शस्त्रक्रिया सरस ठरली: पायावर मोठें संकट येणें अथवा मृत्यु होणें हें शस्त्रक्रिया झालेल्यांत शेंकडा ४२.६, तर नळीनें उपचार झालेल्यांत शेंकडा ५७.४ आढळलें. ज्यांची नीला तशी नव्हती, त्यांच्यांत विशेष फरक पडला नाहीं. आणि लगेच २०२३ सालीं ३४५ रुग्णांच्या दुसऱ्या इंग्रजी पाहणींत, गुडघ्याखालच्या रोहिण्यांच्या बाबतींत, नळीनेंच बाजी मारली: मोठा अंगच्छेद अथवा मृत्यु नळीच्या बाजूस शेंकडा ५३, शस्त्रक्रियेच्या बाजूस शेंकडा ६३.

वरवर पाहतां हा गोंधळ वाटेल. पण ह्यांत गोंधळ नाहीं. एकच शस्त्र सर्वांना लागू नाहीं, रुग्ण पाहून साधन निवडावें, एवढाच ह्याचा अर्थ. ज्या वांटणीच्या अभिमानानें एके काळीं चिठ्ठीवर मनाई लिहिविली, ती वांटणी आज बरीचशी पुसली गेली आहे. अनेक ठिकाणीं शल्यवैद्य स्वतःच नळी चालवितात. आणि हे आंकडे आणखीही एक गोष्ट सांगतात. कोणताही उपचार घ्या, अर्ध्याच्या आसपास रुग्णांना पुढें मोठें संकट गांठतेंच. कारण नळीनें वाट उघडते, रोग जात नाहीं. जो थर मांडींत सांचतो, तोच हृदयांत आणि मानेंतही सांचत असतो.

म्हणून ह्या इतिहासाचा शेवटचा धडा वैद्यासाठीं नसून घरासाठीं आहे. चालतांना पोटरी दुखून थांबावें लागत असेल, तर तें म्हातारपण म्हणून सोडून देऊं नये. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशीं ताडून पाहण्याची साधी तपासणी करून घ्यावी. तंबाखू व विडी सोडावी. मधुमेही मनुष्यानें अनवाणी फिरूं नये, आणि रोज रात्रीं आपलीं पाउलें स्वतः पाहावीं किंवा घरच्या मंडळींकडून पाहवून घ्यावीं. रोग केवळ लंगडण्याच्या पायरीवर असेल, तर जाणत्याच्या देखरेखीखालीं नियमानें चालणें हेंच मोठें औषध आहे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणींत, पोटांतील व ओटीपोटांतील रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णांची चालण्याची शक्ति सहा महिन्यांत स्टेंटपेक्षांही अशा व्यायामानें अधिक वाढली होती. कळ येईपर्यंत चालावें, थांबावें, पुन्हां चालावें. त्यानें आडवाटा रुंद होतात आणि स्नायु मिळेल त्या रक्तांत काम भागवावयास शिकतात.

चार्ल्स डॉटर ह्यांच्या उपचाराची थोरवी मोजावयाची ती फुग्यांच्या वा जाळ्यांच्या संख्येनें नव्हे. पाय कापूं देणार नाहीं, असें म्हणणाऱ्या एका वृद्धेचें म्हणणें एका वैद्यानें ऐकलें, आणि पाहण्यासाठीं बनविलेल्या नळीनें तिला तिच्या पायांवर उभें ठेविलें, ही त्या उपचाराची खरी कसोटी होती. आज जें जें नवें साधन पुढें येईल, त्याला हाच प्रश्न विचारला पाहिजे: चित्रांत वाट उघडी दिसली, तें ठीक, पण मनुष्य चालला काय?